मदत हवी आहे: लघवीतलं पॅरासिटामॉल मोजतेय, ९५ टक्के औषध गायब!

भाट्येकरीण

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. रसायनशास्त्र, दुसरं वर्ष, रत्नागिरी. प्रोजेक्टचा विषय लघवीतलं पॅरासिटामॉल डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्रीने (इलेक्ट्रोडवरचं व्होल्टेज ठोक्याठोक्याने वाढवत वाहणारा प्रवाह बघायचा) मोजणे. सर म्हणतात "पुन्हा कर", आणि मी पाच वेळा पुन्हा केलंय.

सेटअप असा: ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड, त्यावर नॅफिऑन नावाच्या पॉलिमरचा पातळ थर, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स, प्लॅटिनमची तार, pH ७ चा फॉस्फेट बफर. नुसत्या बफरमध्ये पॅरासिटामॉलचं पीक (आलेखावरचा सुळका) ०.३८ व्होल्टला, सुरेख. कॅलिब्रेशनची रेघ सरळ.

जुलैत लावणीला गावी गेले, भिजले, ताप भरला. डॉक्टरांनी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली, आणि पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिली. एकाच गोळीत ताप उतरला. म्हटलं, आयता नमुना! गोळीनंतरची २४ तासांची लघवी साठवली, दीड लिटर भरली. आईने फ्रिजच्या आसपास फिरकू दिलं नाही, म्हणून बाटली बाबांच्या मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फात ठेवली आणि सकाळच्या एसटीने लॅबला आणली. शेजारच्या सीटवरच्या आजींनी "बांगडे काय गो?" विचारलं, मी हो म्हटलं.

आता हिशेब. ५०० मिलिग्रॅम दीड लिटरात म्हणजे साधारण २.२ मिलिमोलर. ५० पट पातळ केल्यावर ४४ मायक्रोमोलर यायला हवं. येतंय २.१. त्याच नमुन्यात वरून पॅरासिटामॉल घातलं (म्हणजे स्पाइक केला) तर घातलेल्यापैकी ९७ टक्के परत मिळतं. मग माझं औषध गेलं कुठे? इलेक्ट्रोड खराब म्हणावा तर स्पाइक कसा बरोबर येतो?

मालवणी_झील

आमच्या आजयेक ह्यां कळला तर ती म्हणतली, झिलग्यान एवढा शिकान केल्यान काय, तर मूत तपासल्यान. 😄 बाकी त्या एसटीत मी असतंय तर बांगडे इकत घेतलंय असतंय.

कणकवलीकर

गोळी घेण्याआधीचा नमुना आहे का? नसेल तर ते २.१ सुद्धा पॅरासिटामॉलचं कशावरून? युरिक आम्ल साध्या कार्बनवर ०.३ च्या आसपास ऑक्सिडाइझ होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडतं, तुमच्या पीकच्या अगदी बगलेत. लघवीत ते भरपूर असतं.

आणि लॅबमध्ये वीज कशी आहे? पावसात आमच्याकडे अर्थिंगचा पत्ता नसतो, आलेखावर नुसती ५० हर्ट्झची कुरकुर. मी सेल फराळाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा अर्थ केला, थांबली.

भाट्येकरीण

@कणकवलीकर, आधीचा नमुना नाही, पण चार दिवसांनंतरचा आहे. त्यात ०.३ ला बारीकसा उंचवटा आहे, ०.३८ ला काही नाही. नॅफिऑन त्यासाठीच लावलंय: pH ७ ला युरिक आम्ल आणि व्हिटॅमिन सी दोघांवर ऋण भार, नॅफिऑनच्या सल्फोनेटवरही ऋण भार, म्हणून ते बाहेर राहतात. पॅरासिटामॉलवर भार नाही, ते आत शिरतं. डब्याची युक्ती करून बघते.

तांबडी_माती

स्टोअररूममध्ये जुना पोलॅरोग्राफ (पाऱ्याच्या थेंबाचा इलेक्ट्रोड असलेलं यंत्र) पडला असेल तर तो काढा. हेरॉव्हस्कींनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबावर हे सगळं सुरू केलं, त्यालाच १९५९ चं नोबेल. थेंब दर वेळी नवा, घासायची कटकट नाही.

जुनी_बाटली

@तांबडी_माती, इथे पारा उपयोगाचा नाही. तो क्षपणासाठी (रिडक्शनसाठी) छान. पॅरासिटामॉलचं आपण ऑक्सिडेशन करतोय, त्या व्होल्टेजला पोचायच्या आत पारा स्वतःच ऑक्सिडाइझ होऊ लागतो. कार्बनच हवा. शिवाय विद्यार्थ्यांच्या हाती पारा कशाला?

भाट्येकरीण ताई, तुमचा इलेक्ट्रोड ठणठणीत आहे. शरीर काय करतं हे तुमच्या हिशेबात आलेलं नाही. मी जन्मभर रुग्णालयाच्या लॅबमध्ये काढला, म्हणून सांगतो.

पॅरासिटामॉल जसंच्या तसं लघवीत फार थोडं उतरतं, पाचेक टक्के किंवा त्याहून कमी. बाकीचं यकृत दुसऱ्या गटाला बांधून पाठवतं: निम्म्याहून जास्त ग्लुकुरोनाइड म्हणून, तीसेक टक्के सल्फेट म्हणून. ही बांधणी होते नेमकी रेणूच्या फिनॉलच्या ओएचवर. आणि तुमचं ०.३८ चं पीक येतं कशामुळे? तोच ओएच आणि शेजारचा नायट्रोजन मिळून दोन इलेक्ट्रॉन, दोन प्रोटॉन सोडतात म्हणून. ओएचला कुलूप लागलं की त्या व्होल्टला काही घडतच नाही. वर ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट दोघांवर ऋण भार, म्हणजे तुमचं नॅफिऑन त्यांना युरिक आम्लासारखंच उंबऱ्यावर अडवतं.

आता तुमचाच आकडा बघा. ४४ पैकी २.१, म्हणजे ४.८ टक्के. पुस्तकातला आकडा तुम्ही स्वतः मोजलात! स्पाइक बरोबर येतो कारण वरून घातलेलं औषध यकृतातून गेलेलंच नसतं. ही ९७ टक्क्यांची रिकव्हरी फार जणांना फसवते.

भाट्येकरीण

काका, डोकं गरगरलं. पाच आठवडे इलेक्ट्रोड घासतेय मी! मग बांधलेलं सोडवायचं कसं?

जुनी_बाटली

दोन वाटा. एक, ग्लुकुरोनिडेज आणि सल्फेटेज ही एन्झाइमं. काम नाजूक, पण पॅरासिटामॉल पॅरासिटामॉलच राहतं आणि तुमचं कॅलिब्रेशन चालतं. महाग मात्र.

दुसरी, हायड्रोक्लोरिक आम्ल घालून तासभर उकळत्या पाण्यावर ठेवणे, फ्यूमहूडमध्येच. पण त्यात बांधणी सुटतेच, वर अ‍ॅसिटिल गटही निघतो आणि हाती येतं पॅरा-अमिनोफिनॉल. ते खूप सहज ऑक्सिडाइझ होतं, pH ७ ला ०.१ व्होल्टच्या आसपास. म्हणजे ०.३८ ला शोधत बसू नका. मोजायच्या आधी pH परत ७ वर आणा आणि कॅलिब्रेशन पॅरा-अमिनोफिनॉलचं नव्याने करा. फायदा असा की युरिक आम्लापासून पीक आपोआप लांब जातं.

उकळून झाल्यावर खात्रीसाठी थोडं वेगळं काढून त्यात ओ-क्रेसॉल आणि अमोनिया घाला. निळा रंग आला तर पॅरा-अमिनोफिनॉल आहे. गोळ्या जास्त घेतलेले रुग्ण यायचे तेव्हा आम्ही असंच बघायचो, यंत्रबिंत्र नंतर.

आणखी एक. स्वतःचा नमुना वापरलात, ठीक. पण मैत्रिणींचे घ्यायचे झाले तर आधी सरांना विचारून एथिक्स कमिटीची परवानगी घ्या.

कणकवलीकर

हेच औषध ग्लुकोज सेन्सरलाही गंडवतं. दंडावर लावायच्या काही सेन्सरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड ऑक्सिडाइझ करून साखर मोजतात, तिथे पॅरासिटामॉलही सोबत ऑक्सिडाइझ होतं आणि साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसते. थीसिसच्या प्रस्तावनेला कामी येईल.

भाट्येकरीण

अपडेट देते. एन्झाइमचं कोटेशन बघून सर नुसते हसले, म्हणून आम्लाचीच वाट. क्रेसॉलने निळं झालं, अगदी शाईसारखं! ०.३८ चं पीक गेलं आणि ०.१ ला, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे उंच सुळका आला. चार दिवसांनंतरचा नमुनाही तसाच उकळून बघितला, त्यात तिथे सपाट.

आकडा अजून हातात नाही. कॅलिब्रेशनचे तीन बिंदू झाले आणि लाइट गेली. दीड तासाने आली तेव्हा पॅरा-अमिनोफिनॉलचं द्रावण चहासारखं तपकिरी झालेलं. आता लहान लहान बाटल्यांत, दर वेळी ताजं करायचं ठरवलंय. त्यात नायट्रोजन सोडावा का, की नुसतं बर्फात ठेवून भागेल? मासळीचं खोकं अजून लॅबमध्येच आहे.

जुनी_बाटली

हवा घालवायला नायट्रोजन सोडायचाच, आणि खोकंही राहू द्या. द्रावण जरा पिवळसर दिसलं तरी ओतून द्या, त्यावर बिंदू घेऊ नका.