गाडीतल्या रेडिओची खरखर: तुमच्याकडे दोष कुठे निघाला?

गाडीतला रेडिओ खरखरायला लागला की अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात एकच उत्तर मिळतं, "डेक बदलून टाका साहेब." डेक बदलूनही खरखर जागच्या जागी, असे कितीतरी जण माझ्या ओळखीत आहेत. म्हणून म्हटलं, सगळ्यांचे अनुभव एका ठिकाणी यावेत. गाडी कसली, आवाज कसा होता (नुसती खरखर, टिकटिक, की अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी शिट्टी), कधी यायचा आणि शेवटी निघालं काय, एवढं लिहा. डेकच खराब निघाला असेल तर तेही बिनधास्त लिहा.

माझं आधी सांगतो. पुण्यातली पेट्रोल हॅचबॅक, टपावर स्क्रूने बसणारी एरियलची काडी. पावसाळ्यानंतर १०१ वरची विविध भारतीसुद्धा फसफसत यायला लागली. हे स्टेशन पुण्यात एरवी त्रास देत नाही. इंजिन बंद ठेवून चावी नुसती एका खटक्यावर फिरवली, तरी आवाज तोच. म्हणजे इंजिनाबरोबरच चालणारी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), प्लग ही मंडळी सुटली. मग डेक पुढे ओढून मागची एरियलची पिन उपसली. एरियल धड असेल तर पिन काढताच स्टेशन ढासळायला हवं. इथे पिन लावली काय, काढली काय, काहीच फरक नाही. टपावरचा बेस खोलला तर रबरी वॉशर तडकलेला, खाली पाणी मुरून तांब्याच्या तारेवर हिरवट थर आणि बॉडीला चावा घेणारी दातेरी चकती गंजून गेलेली. पॉलिश पेपरने पत्रा उजळेपर्यंत घासला, तारेचं टोक कापून नव्याने डाग दिला, वॉशर बदलला. डेक अजून तोच आहे.

कोल्हापूरकर

आमच्या डेकवर दोघा-तिघांनी हात साफ केला, दोष टपावर होता. भाच्याने हौसेनं गाडीला शार्क फिन (एरियलच्या जागी बसणारी, माशाच्या परासारखी आखूड डबी) बसवून आणली आणि मूळची काडी "आता हिचा काय उपयोग" म्हणून डिकीत टाकली. ती फिन म्हणजे नुसतं प्लॅस्टिक, खाली दोन्हीकडून चिकटणारी टेप. आत तार नाही, काही नाही. शोभेची वस्तू. बाजारात अशाच जास्त मिळतात, विकणाराही ते सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

हिशोब सोपा आहे. एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे लाटेची लांबी तीन मीटरच्या आसपास. तिच्या चौथ्या हिश्श्याची, पाऊण मीटरची काडी सगळ्यात चांगलं पकडते. बोटभर काडी किंवा फिन चालते, पण मग तिच्या बुडाशी सिग्नल वाढवणारा बूस्टर पाहिजे.

नाशिकहून

कोल्हापूरकर, त्या बूस्टरचीच गोष्ट. कंपनीतून आलेला स्टिरिओ काढून मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवला. गाणी, नकाशे, रिव्हर्स कॅमेरा सगळं झकास, रेडिओ मात्र आकाशवाणीच्या टॉवरजवळ गेल्याशिवाय लागेना. दुकानदार म्हणाला, "अँड्रॉइडचा ट्यूनर असाच असतो." निम्मं खरं आहे, स्वस्तातले ट्यूनर सुमारच असतात. पण आमच्या टपावरची आखूड काडी बूस्टरवाली. त्या बूस्टरला १२ व्होल्ट लागतात आणि ते स्टिरिओच्या निळ्या वायरीतून जातात. फिटिंग करणाऱ्याने ती वायर टेप गुंडाळून मोकळी सोडलेली. काही गाड्यांत वेगळी वायर नसते, एरियलच्या केबलमधूनच वर करंट पाठवतात. तिथे मध्ये तसा अ‍ॅडॅप्टर घालावा लागतो. निळी वायर जोडली आणि सगळी स्टेशनं परत आली.

ठाण्याच्या ताई

माझं तुमच्यापेक्षा स्वस्तात निभावलं. ऑफिसला जाताना रेडिओवर सतत फस्सस, रविवारी नवरा गाडी चालवतो तेव्हा स्वच्छ. तो म्हणे तुझे कान. फरक इतकाच की मी मोबाइलचा चार्जर लावते, तो लावत नाही. चौकातल्या ट्रॅफिक सिग्नलवर विकत घेतलेला चार्जर. सॉकेटमधून उपसला की खरखर बंद, लावला की चालू, मोबाइल जोडलेला नसला तरीही. चांगल्या बनावटीचा चार्जर घेतला, प्रश्न संपला. पुढे डॅशकॅम बसवला तेव्हा त्याची वायर एरियलच्या केबलच्या बाजूने न नेता दुसऱ्या खांबातून वर न्यायला लावली. फिटिंगवाला कुरकुरला, पण नेली.

सांगलीचा वायरमन

गाड्यांची वायरिंग करण्यात हयात गेली. प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये रेडिओ बसवले त्या काळापासूनचा आहे, पोस्टात रेडिओच्या लायसनची फी भरायची तेव्हाचा. थोडं सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

पहिलं, आवाज ओळखा. टिकटिक येते आणि इंजिनाच्या वेगाबरोबर भरभर होते, तर ती ठिणगी. ही फक्त पेट्रोल आणि गॅसच्या गाडीत. डिझेलला ठिणगीचा प्लगच नसतो, त्यामुळे डिझेलवाल्याने टिकटिकीसाठी प्लग शोधत बसू नये. त्याने पंखा, वायपरची मोटर, फ्लॅशर बघावा. पेट्रोलच्या गाडीत प्लगच्या नंबरात "आर" आहे का पाहा. बीपीआर६ईएस मधला आर म्हणजे आत सुमारे ५ किलोओहमचा रेझिस्टर आहे, तो ठिणगीचा गोंगाट दाबतो. कोणीतरी बिनआरचे प्लग घालून दिले की टिकटिक सुरू. एचटी वायरी (प्लगला ठिणगीचा करंट नेणाऱ्या जाड वायरी) जुन्या गाडीत अंधारात बघा, बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा. इन्सुलेशन फुटलं असेल तिथे निळ्या ठिणग्या बारीक नाचताना दिसतात. हात लावू नका.

बारीक शिट्टी, अ‍ॅक्सिलरेटर दिला की चढते, ती अल्टरनेटरची. रेडिओचा आवाज पूर्ण शून्यावर न्या. तरी शिट्टी येत असेल तर रेडिओ सोडा, अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग आणि सिग्नलच्या वायरी बघा. डेकची काळी वायर डॅशबोर्डमागच्या कुठल्यातरी स्क्रूला बांधलेली असते, ती रंग खरवडून नीट बॉडीवर घ्या. अल्टरनेटरला कंडेन्सर असतो, तो गेलेला असेल तर बदला, महाग वस्तू नाही. बोनेटची बॉडीशी जोडणारी पट्टी डेंटिंग-पेंटिंगनंतर पुष्कळदा परत लागतच नाही, तीही बघा.

दुसरी गोष्ट, एरियलची पिन डेकमधून काढा. पिन काढल्यावर खरखर गेली तर गोंगाट हवेतून एरियलवाटे येतोय. तशीच राहिली तर वायरिंगमधून. मात्र पिन काढून स्टेशनही ढासळलं नाही तर धागाकर्त्यासारखं आधी एरियल तपासा. एवढ्या एका परीक्षेत निम्मी शोधाशोध वाचते. साध्या काडीचं एरियल असेल तर पिन बाहेर असतानाच मल्टिमीटर लावा. पिनचं टोक ते वरची काडी, जवळपास शून्य ओहम. पिनची बाहेरची कड ते बॉडी, तेही शून्य. टोक ते कड, अजिबात कंटिन्युइटी (जोड) नको. बझर वाजला तर केबल आत कुठेतरी चेपलीय, बहुतेक दाराच्या खांबाजवळ. बूस्टरवाल्या काडीला हा हिशोब लागू नाही.

आणि एक. एरियलची केबल कमी पडली म्हणून टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडणारे लोक आहेत. गाडीच्या एरियलची केबल वेगळ्या जातीची असते. टीव्हीच्या केबलने एफएम कसंतरी चालेल, मीडियम वेव्ह मरतं. जुन्या डेकला बाजूला बारीक भोक असायचं, आत ट्रिमरचा स्क्रू. १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचं एखादं कमजोर स्टेशन लावायचं आणि बारीक पेचकसाने तो स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सगळ्यात मोठा होईल तिथे सोडायचा. हे केल्याशिवाय आम्ही गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देत नसू. आता ते भोकही नाही आणि मीडियम वेव्ह ऐकणारं गिऱ्हाइकही विरळच.

धागाकर्ता

काका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय. ती पिन काढायची परीक्षा डेक बदलण्याआधी प्रत्येकाने करावीच.

पिंपरी ते वाशी

मी आठवड्याला एक्सप्रेसवेने जातो. लोणावळ्याच्या आसपास ९८.३ वर अर्ध्या वाक्यात दुसराच निवेदक बोलायला लागतो, वळण घेतलं की परत पहिला. गाडी दाखवून आलो, काही निघालं नाही. आणखी कुणाला येतो हा प्रकार?

धागाकर्ता

सगळ्यांनाच येतो, गाडी निर्दोष आहे. ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ या खासगी स्टेशनांचे आकडे मुंबईत आणि पुण्यात तेच आहेत. घाटात दोन्हीकडचे सिग्नल पोचतात आणि एफएमचा रिसीव्हर दोघांतला जोरदार तेवढा पकडतो, दुसऱ्याला दाबून टाकतो. डोंगर आड आला की पारडं फिरतं. आकाशवाणीचं तसं नाही, विविध भारती पुण्यात १०१ आणि मुंबईत १०२.८, तेव्हा घाटात हाताने बदलायची. बोगद्यात काहीच येणार नाही, तिथे डेकला शिव्या देऊ नका.

नागपूरकर

सेडान, एरियल मागच्या काचेत छापलेलं. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि मे महिन्यात पोलीस चौकाचौकात उभे. घाईघाईत फिल्म काढून घेतली. ज्याने काढली त्याने ब्लेडने खरडली. काचेवरच्या तपकिरी रेघांपैकी खालच्या जाड रेघा काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या, वरच्या बारीक एरियलच्या. बारीक रेघा दोन जागी केसाएवढ्या तुटलेल्या, बाहेरून भिंग लावल्याशिवाय दिसत नाहीत. रेडिओ त्याच दिवसापासून गेला आणि मी दोन्ही गोष्टींचा संबंध कितीतरी महिने कुणाला पटवून देत होतो! शेवटी मल्टिमीटरची टोकं रेघेवर सरकवत नेली, तुटलेल्या जागी बझर थांबला. चांदीची भुकटी असलेला वीज वाहणारा रंग मिळतो, दोन्हीकडून टेप लावून मधली फट त्याने भरली. धातूचा थर असलेली फिल्म मागच्या काचेला लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, काचेतलं एरियल तिच्यामागे कोंडलं जातं.

नैरोबीहून एक मराठी

आमच्याकडचा प्रकार भारतात कमी दिसेल. केनियात निम्म्याहून जास्त रस्ता जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्यांचा. गाडी उत्तम, रेडिओ ९० च्या वर सरकतच नाही. बिघाड नाही, जपानचं एफएम ७६ पासून सुरू होतं आणि जुने सेट ९० ला संपतात. मग बँड एक्स्पांडर नावाची डबी एरियल आणि डेकच्या मध्ये बसवतात. ती प्रत्येक स्टेशन ठरावीक आकड्याने खाली ओढते. २० मेगाहर्ट्झवाली डबी असेल तर ९८.४ चं स्टेशन डेकवर ७८.४ ला सापडतं. बायको अजून दर वेळी वजाबाकी करते. स्वस्त डबीत खरखर वाढते आणि सगळी स्टेशनं एकदम मिळतही नाहीत. मुंबई-पुण्यात कुणी जुन्या बाजारातून जपानी डेक उचलणार असेल तर आधी पट्टी कुठवर जाते ते बघा.

मालवणी

मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी समुद्राच्या कडेने गाडी नेली की आमच्या नेहमीच्या स्टेशनात कन्नड घुसतं, एखाद्या दिवशी अरबीसुद्धा. समुद्रावर गार ओलसर हवा आणि तिच्यावर गरम कोरडी, यांच्या मधल्या थरात एफएमचा सिग्नल अडकून शेकडो किलोमीटर येतो. ऊन चढलं की सगळं गायब. पाऊस सुरू झाला की बंद. दुरुस्त कसलं करता, ऐकून घ्या.

डोंबिवलीकर

बाबांना ५५८ वर अस्मिता वाहिनी लागते. नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली, तिच्यात एएमचं, म्हणजे मीडियम वेव्हचं, बटणच नाही. बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचा गोंगाट नेमका त्या पट्ट्यात येतो, म्हणून अनेक कंपन्या एएम देतच नाहीत. बाबा आता फोनवर आकाशवाणीचं अ‍ॅप लावतात आणि "याला रेडिओ म्हणत नाहीत" असं रोज एकदा बोलून दाखवतात. जुन्या गाडीत तरी कुठे बरं होतं म्हणा, रुळांच्या कडेने जाताना ओव्हरहेड वायरचा घुर्रर असायचाच.

एक विचारायचं होतं. साध्या रेडिओवर काही मीडियम वेव्ह स्टेशनांच्या शेजारी न तुटणारी एकसारखी सळसळ येते. ते काय?

सांगलीचा वायरमन

ते डीआरएम. डिजिटल प्रसारण आहे. नव्या काही गाड्यांत त्याचा रिसीव्हर येतो, त्यांना त्यात स्वच्छ आवाज मिळतो. साध्या सेटला ती सळसळच. खरी खरखर कमीजास्त होते, ही होत नाही.

साताऱ्याहून

एका ओळीचा अनुभव: स्टेशन शोधणारं सीक बटण दाबलं की दोनच स्टेशनं थांबायची, स्क्रीनच्या कोपऱ्यात "एलओसी" (लोकल, म्हणजे फक्त जोरदार स्टेशनं) असं बारीक लिहिलेलं. ते बंद केलं, बाकीची सगळी आली. लांबच्या स्टेशनला स्टिरिओऐवजी मोनो करून बघा, फसफस बरीच उतरते.

बारामती

टेम्पो, डिझेल. रात्री हेडलाइट लावले की एफएम साफ झोपतं, दिवसा उत्तम. बाजारातले पांढरे एलईडी बल्ब घातलेत. मित्र म्हणतो त्यांच्या ड्रायव्हरचा (बल्बला करंट देणाऱ्या सर्किटचा) गोंगाट आहे, वायरीवर फेराइटची (गोंगाट शोषणारी) कडी लावून बघ. लावली, थोडा फरक पडला. आता नवीनच, ब्रेक दाबला तरी हलकी खरखर येते.

धागाकर्ता

मागच्या दिव्यातही एलईडीच घातलेत का? एका बाजूला जुना साधा बल्ब लावून ब्रेक दाबून बघा, मग दुसऱ्या बाजूला. हेडलाइटचंही तसंच, एकेक काढून. आणि वायरमनकाकांनी सांगितलेली पिन काढायची परीक्षा दिवे चालू ठेवून करा. काय निघतंय ते इथेच कळवा.