‘लिगामेंट फाटलं’ : पायाच्या बोटाबाबत मराठीत नेमकं काय म्हणावं?

आईच्या उजव्या पायाच्या, अंगठ्याशेजारच्या बोटाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. एमआरआयच्या रिपोर्टात ‘प्लांटर प्लेट टेअर’ लिहिलंय, म्हणजे बोटाच्या बुडाशी सांध्याखालचं लिगामेंट फाटलंय. मी तिला सांगितलं, ‘स्नायू फाटलाय.’ ती म्हणाली, ‘मग तेल लावून बघते आधी.’ रोज रात्री मालीश करून ते बोट वर ओढायला लागली. डॉक्टरांना कळल्यावर ते म्हणाले, ओढू नका, तेच तर सैल झालंय. चूक माझ्या शब्दाची होती असं मला मनापासून वाटतं. लिगामेंटला आणि या प्लांटर प्लेटला तिला कळेल असा शब्द कोणता? आणि ‘फाटणं’ हे क्रियापद तरी बरोबर आहे का?

प्रतिसाद :
तुमची चूक कमी, शब्दाचा घोळ जास्त. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे मसल. आयुर्वेदात मात्र मसलला पेशी म्हणतात, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरात 900 स्नायू मोजले आहेत, त्यांतले पायाच्या प्रत्येक बोटात सहा. तिथला दृष्टांत मला फार आवडतो : फळ्या दोरांनी नीट आवळून बांधल्या की नाव माणसांसकट भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून माणूस भार सोसतो. म्हणजे जुन्या अर्थाने तुम्ही आईला बरोबरच सांगितलंत! पण तो अर्थ आता बोलण्यात उरलेला नाही. ‘अस्थिबंध’ म्हणा, किंवा घरात नुसतं ‘सांध्याचा बंध’.

टेंडन म्हणजे कंडरा. शाळेच्या विज्ञानातला शब्द स्नायुरज्जू. ती मसलला हाडाशी जोडते, तर अस्थिबंध हाडाला हाडाशी. ‘शीर’ हा शब्द इथे टाळाच. शीर म्हटलं की रक्तवाहिनी, नस, कंडरा सगळं एकाच पिशवीत जातं, आणि शीर चढली की चोळायची हे तर आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे.

प्रतिसाद :
बोटाबद्दल थोडं. ‘पायाची तर्जनी’ असं कुठेकुठे वाचलंय, ते पटत नाही. तर्जनी म्हणजे जिने दटावतात ती; पायाच्या बोटाने कोण दटावतं? आमच्याकडे बायका सरळ ‘जोडव्याचं बोट’ म्हणतात. अंगठा, जोडव्याचं बोट, करंगळी; मधल्या दोघांना वेगळं नाव ऐकलेलं नाही.

प्रतिसाद :
मी अस्थिरोग विभागात काम करते आणि हे रुग्णांना रोज सांगावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पावलाचा पुढचा भाग म्हणजे चवडा. चवड्याचं लांब हाड आणि बोटाचं पहिलं पेर जिथे मिळतात, त्या सांध्याच्या खालच्या अंगाला ही प्लेट असते. साधारण दोन सेंटिमीटर लांब, काही मिलिमीटर जाड, कूर्चेसारखी चिवट. पेराला घट्ट चिकटलेली, मागे चवड्याच्या हाडाला त्या मानाने सैल. बहुतेक वेळा ती सुटते ती पुढून, पेराच्या कडेपासून. म्हणून मी ‘फाटणं’ न म्हणता ‘उसवणं’ म्हणते. कापड मधून फाटतं, शिवण कडेने उसवते. बंध पुरता उसवला की बोट वर उचललं जातं, अंगठ्याकडे कलतं, कधी त्याच्यावर चढतं.

ऑपरेशनचंही याच शब्दांत सांगता येतं. वरच्या बाजूने चीर देतात. जागा मिळावी म्हणून चवड्याच्या हाडाला तिरका छेद देऊन त्याचं टोक थोडं मागे सरकवतात. याला वाइल ऑस्टिओटॉमी म्हणतात. मग उसवलेल्या कडेतून धागे ओवून, पेराला पाडलेल्या बारीक भोकांतून वर काढून गाठ मारतात. म्हणजे कड पुन्हा पेराला टाचतात. हाडाला छोटा स्क्रू. बंध टाचण्याजोगा राहिलाच नसेल, तर बोट खाली वळवणारी लांब कंडरा घेतात, उभी चिरून दोन पट्ट्या करतात आणि पेराच्या दोन्ही अंगांनी वर आणून शिवतात. म्हणून बंध आणि कंडरा हे शब्द वेगळे ठेवायलाच हवेत : एकाचं काम दुसरीकडून करून घेतलं जातं. पुढे साधारण सहा आठवडे टाचेवर भार देणारा बूट.

प्रतिसाद :
प्लांटर प्लेटला ‘तळपट’ चालेल का? तळाचा पट, म्हणून.

प्रतिसाद :
कृपया नको. ‘तुझं तळपट होवो’ ही शिवी अजून जिवंत आहे. ऑपरेशनच्या टेबलावर जाणाऱ्या बाईला तो शब्द ऐकवू नये. ‘तळबंध’ सुटसुटीत आहे, कानालाही बरा.

मूळ धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. काल आईला ‘तळबंध उसवलाय, तो टाचून घ्यायचाय’ एवढंच सांगितलं. तिने चाळीस वर्षं ब्लाउज शिवले आहेत. तिने पाय मांडीवर घेतला, बोटाच्या बुडाशी खालून अंगठा दाबला आणि म्हणाली, ‘इथून ना? मग ओढलं तर आणखी उसवणारच.’ तेलाची वाटी तिने स्वतःच उचलून ठेवली. सुजेमुळे जोडवं पेरावर अडकलंय, ते ऑपरेशनआधी सोनाराकडून कापून घ्यायचं आहे.

एक शब्द अजून हवाय. संमतीपत्रात ‘फ्लोटिंग टो’ हा संभाव्य त्रास लिहिलाय, म्हणजे बोट नंतर जमिनीला टेकत नाही. ‘तरंगतं बोट’ तिला सांगवत नाही. ‘अधांतरी बोट’ म्हणू का?

प्रतिसाद :
‘न टेकणारं बोट’ म्हणा. तिने उभं राहून बघितलं की तिला तेच दिसणार आहे.