मदत हवी आहे: आजोबांचं फाइन कंपनीचं जुनं ड्रिल

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. आजोबांच्या लोखंडी पेटीत जर्मनीच्या फाइन कंपनीचं जुनं हातड्रिल सापडलं. विल्हेल्म एमिल फाइन यांनी 1867 मध्ये सुरू केलेली ही कंपनी. 1895 मध्ये जगातलं पहिलं विजेवर चालणारं हातड्रिल हिनेच बनवलं. आपल्या किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 चा, म्हणजे त्याच्याही पंधरा वर्षं आधी!

कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) पार झिजलेत, मोटर ठिणग्या टाकते. प्लेटवरचा नंबर निम्मा पुसलाय. त्यावरून साल कसं काढायचं? मापाचे कार्बन सांगली-मिरजेत कुठे मिळतील? आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) जपून भरणारा जुना वाइंडर कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. आजोबांचा हात लागलेलं यंत्र आहे, मला ते चालू करायचंच आहे.