क्लोरोफॉर्म, नर उंदीर आणि मावशीचं क्रिएटिनिन

इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बायकांच्या किडनीचं कवच आहे, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. इस्ट्रॅडिओलने (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) प्राण्यांमधली किडनीची इजा कमी झालेली दिसते, मान्य. पण काही विषांच्या बाबतीत खरा खेळ टेस्टोस्टेरॉनचा, म्हणजे पुरुषी हार्मोनचा असतो. क्लोरोफॉर्मचंच बघा, हे १९४०च्या दशकापासून माहीत आहे: नर उंदरांची किडनी त्याने खराब होते, माद्यांची जवळजवळ शाबूत राहते. मादीला टेस्टोस्टेरॉन टोचलं की तिचीही तीच गत. क्लोरोफॉर्मपासून घातक फॉस्जिन बनवणारं एन्झाइम नराच्या किडनीत या हार्मोनमुळे जास्त असतं. म्हणजे मादीकडे ढाल वगैरे नाही, तिच्या किडनीत विष फारसं तयारच होत नाही!

आणि हे उंदरांचं झालं. कवचाच्या भरवशावर राहू नका म्हणायचं कारण आमची बडोद्याची मावशी, दांडिया बाजारातली, वय ६४. गुडघ्यांसाठी मेडिकलवरून डायक्लोफिनॅक आणून रोज घ्यायची; ही वेदनाशामक गोळी किडनीला इजा करू शकते. रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.१ आलं, रिपोर्टवर स्त्री-पुरुष दोघांना एकच रेंज छापलेली, त्यामुळे सगळे निर्धास्त. बायकांचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिनही मुळात कमीच असतं. क्रिएटिनिन, वय आणि लिंगावरून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, काढणाऱ्या २०२१च्या सूत्रात घालून पाहिलं तर त्याच आकड्याला, त्याच वयाच्या पुरुषाचा ईजीएफआर ७५च्या आसपास येतो, मावशीचा ५६. गोळ्या बंद केल्यात, लघवीतल्या अल्ब्युमिनची (किडनीला इजा असेल तर लघवीत उतरणारं प्रथिन) तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.