फाट्यावरचं जुनं हॉटेल दोन दिवसांसाठी उभं करायचंय: शेगडी, चहा, शँपल, उधारीची वही

मळवाट विचारतात:
सातारा-सांगली पट्ट्यातल्या एका गावात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. पटांगणात १९७५ ते ८५ च्या सुमाराचं, एकाच घराने चालवलेलं फाट्यावरचं हॉटेल उभं करायचं ठरलंय. बाकडी, पत्र्याचं छप्पर, रांजण, फळ्यावरचे भाव ही तयारी झाली आहे. अडलंय ते पुढे. भुशाची शेगडी कशी भरतात? १०० कप चहाचं आणि ५० प्लेट मिसळीचं प्रमाण काय? कांदाभजी तासाभराने मऊ पडू नयेत म्हणून काय करायचं? उधारीच्या वहीची पानं खरी वाटायला त्यात काय लिहायचं? 'त्या चहाची चवच न्यारी' एवढंच सांगायचं असेल तर कृपया राहू द्या. मापं हवीत.

वखारवाला:
शेगडीचं सांगतो. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्या आणि वरचं झाकण कापून टाका. तळापासून दोन बोटं वर, एका बाजूला तीन इंचाचं भोक पाडा. भोकातून एक गोल दांडा आडवा सरकवा, डब्याच्या मधोमध दुसरा उभा धरा. दोघांची टोकं आत एकमेकांना टेकली पाहिजेत. मग भुसा चार-चार बोटांच्या थरांनी टाकायचा आणि प्रत्येक थर लाकडी ठोकळ्याने चेपायचा. डबा भरला की दोन्ही दांडे गोल फिरवत हळूच काढा. सरळ ओढलेत तर भिंत ढासळते. खालच्या भोकातून रॉकेलचा बोळा किंवा चिपाडं पेटवून सारायची.

भुसा सैल भरला तर तासाभरात आत कोसळतो आणि हवेची वाट बुजून नुसता धूर होतो. ओला असेल तर पेटतच नाही, म्हणून आधी दोन दिवस उन्हात पसरा. वखारीतला करवतीचा जाडसर भुसाच आणा. प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो, डोळे चुरचुरतात आणि वास पातेल्यापर्यंत पोचतो. पातेलं डब्यावर थेट ठेवू नका, तीन लोखंडी तुकड्यांवर बोटभर उंच राहू द्या, नाहीतर जाळ गुदमरतो.

नीट भरलेला डबा तीन-चार तास चालतो. सुरुवातीला जाळ बारीक असतो. भुसा आतून जळत जातो तसं मधलं भोक रुंदावतं आणि आच वाढते. म्हणून आधी चहा, तळण मागाहून. हॉटेलात दोन डबे आलटून पालटून वापरायचे, कारण पेटता डबा मध्येच भरता येत नाही. आणि कनाती चारी बाजूंनी बंद करू नका, हा धूर बंद जागेत घातक आहे.

आधण:
चहा. तेव्हाचा कप म्हणजे साधारण ८० मिली. १०० कपांना पाणी ५ लिटर, दूध ४ लिटर, साखर सव्वा किलो, चहा २०० ग्रॅम, आलं १०० ग्रॅम. चहा बारीक डस्टच घ्या, मोठ्या पानाला तो रंग येणार नाही.

आलं ठेचून पाण्यातच चार-पाच मिनिटं खळखळ उकळा. कच्चं आलं थेट दुधात पडलं की दूध फाटतं. मग साखर, मग चहा, दोन उकळ्या. दूध वेगळं तापवून शेवटी ओतायचं. कापडी गाळणी साबणाने धुऊ नका, पुढच्या दहा कपांना तो वास लागतो. नुसत्या उकळत्या पाण्यात खंगाळा. चोथ्यावर दुसरं पाणी घालायची काटकसर बऱ्याच ठिकाणी चालायची, पण चहा तुरट होतो. तेवढं जुनेपण नाही दाखवलं तरी चालेल.

गुळाचा चहा ठेवणार असाल तर गूळ कोऱ्या चहात विरघळवा, पातेलं खाली उतरवा आणि मगच गरम दूध घाला. गूळ आंबटसर असतो. दुधासकट उकळला की हमखास नासतो.

झारा_कढई:
मिसळ ५० प्लेट: मटकी २ किलो, रात्रभर भिजवून दिवसभर फडक्यात बांधा. मोड अर्ध्या बोटापुढे जाऊ देऊ नका. कटाला, म्हणजे मिसळीच्या झणझणीत रश्शाला, कांदा दीड किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, लसूण पाव किलो, आलं १५० ग्रॅम, कांदा-लसूण मसाला ३०० ग्रॅम, तेल पाऊण लिटर, पाणी ८ लिटर. फरसाण ३ किलो.

खरी गोष्ट इथे आहे: उसळ आणि कट वेगवेगळ्या पातेल्यांत ठेवा. सगळं एकत्र करून सकाळी नऊपासून शेगडीवर ठेवलंत तर दुपारी मटकीचं पिठलं होतं. शँपल म्हणून पुन्हा पुन्हा वाढायचा तो कट, त्याला मंद आच द्यायची. तो आटत जातो तसा खारट होतो, म्हणून सुरुवातीला मीठ हात राखून घाला आणि भर टाकायची ती नुसत्या उकळत्या पाण्याची. तर्री यायला मसाला तेलात पडताना आच अगदी कमी पाहिजे. धूर निघालेल्या तेलात तो करपतो, कट काळपट आणि कडू होतो, मग गूळ घालूनही सुधारत नाही. सोबत पाव की स्लाइस हे गाव बघून ठरवा. कोल्हापूरच्या बाजूला गेलात तर स्लाइस आणि खाली बटाट्याची भाजी.

भजी: १ किलो कांद्याला ३५० ते ४०० ग्रॅम बेसन. कांदा उभा चिरून मीठ चोळा, पंधरा मिनिटं पाणी सुटू द्या आणि त्याच पाण्यात मावेल तेवढंच पीठ घाला. वरून पाणी अजिबात नको. ओवा, तिखट, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. सोडा घातला की भजी फुगते पण तेल पिते, आणि हळद असेल तर लालसर डाग पडतात. तरीही तासाभराने ती मऊ पडणारच. त्यावर उपाय एकच, लहान घाणा. परात भरून तळून ठेवू नका. जुन्या हॉटेलात गाडीची वेळ बघूनच पीठ कालवायचे.

मुक्कामगाडी:
वरचं बरोबर आहे. हॉटेलचं घड्याळ म्हणजे एसटीचं वेळापत्रक. मुक्कामाच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर पहाटे उठायचे, त्यांचा चहा पहिला. तुमच्या फळ्यावर भावांशेजारी गाड्यांच्या वेळा लिहा, त्याशिवाय ते फाट्यावरचं हॉटेल वाटणार नाही.

वहीबद्दल: लांबट, लाल कापडी बांधणीची वही, घरटी एक पान. वर नुसतं नाव नसायचं. एका नावाची चार माणसं असायची, म्हणून 'मळ्यातले', 'पाटलांच्या वाड्यामागचे' अशी खूण. नोंदी त्रोटक: '२ चहा १ भजी'. दुधाची बिलं दहा दिवसांनी मिळायची, त्या तारखेला बरीच पानं आडव्या रेघेने बंद झालेली दाखवा. ज्यांचा ऊसच तेवढा, त्यांची पानं कारखान्याचं बिल येईपर्यंत लांबत जायची. जमा रक्कम उजवीकडे, शाई वेगळी.

तिसरी_बाजू:
दोन गोष्टी राहिल्या. गल्ल्यावर बाप्या आणि पोरं, पण मसाला कुटणं, कांदा चिरणं, शेव पाडणं मागच्या घरात बायकांकडे. बायका गिऱ्हाईक म्हणूनही बाकड्यावर सहसा बसत नसत, पुडा बांधून घरी जायचा. तुमच्या मांडणीत मागची खोलीही असू द्या: पाटा-वरवंटा, खलबत्ता, सोऱ्या.

दुसरं, कित्येक गावांत दलितांसाठी वेगळे कप बाहेर वळचणीला ठेवलेले असत आणि ते ज्याचे त्यानेच धुवायचे. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरला, तरी ही चाल पुढे कित्येक वर्षं राहिली. समाजकार्यकर्ते बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' मोहीम, म्हणजे दलितांसकट सगळ्यांना गावातलं पाणी एकाच ठिकाणी भरता यावं यासाठीची, सत्तरच्या दशकातली, म्हणजे तुम्ही धरलेल्या काळाच्या तोंडावरची. गावातल्या त्या वस्तीतल्या जुन्या माणसांना आधी विचारा, आणि ते म्हणतील तर ते कप मांडा, खाली सरळ दोन ओळी लिहून.

मळवाट:
सगळ्यांचे आभार. मागची खोली आमच्या आराखड्यात नव्हतीच, ती घेतो. कपांबद्दल वस्तीतल्या लोकांशी बोलूनच ठरवू. पुडे वर्तमानपत्राच्या कागदात बांधले तर चालतील का?

झारा_कढई:
दाखवायला बांधा, दोरा गुंडाळून. खायला देताना नको, छपाईची शाई गरम तेलकट भज्याला लागते. पळसाच्या पानांचे द्रोण मिळाले तर उत्तम, पण आदल्या रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, नाहीतर दुमडताना तडकतात आणि कट खाली गळतो.