शब्दचर्चा : ‘व्होलॅटिलिटी’ला अस्थिरता म्हणावे का?

नवीपेठ
सोलापुरातील एका गुंतवणूक वर्गासाठी ऑप्शन (ठरलेल्या भावाने समभाग घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) व्यवहारांवरील टिपण मराठीत आणीत आहे. ‘व्होलॅटिलिटी’, म्हणजे भाव किती हलतो ते, याला मी अस्थिरता म्हटले; पण ‘समभागाच्या अस्थिरतेतून नफा’ हे शीर्षक चालकांनी खोडले. अस्थिरता म्हटले की सरकार पडायला आल्यासारखे वाटते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ‘चढउतार’ सुचविला आहे, पण तो मला पटत नाही. भाव ५०० असताना ५०० चाच कॉल (खरेदीचा हक्क) १४ रुपयांना आणि पुट (विक्रीचा हक्क) १२ रुपयांना घेऊन स्ट्रॅडल करणाऱ्याला, म्हणजे दोन्ही हक्क एकत्र घेणाऱ्याला, नफ्यासाठी मुदतीच्या दिवशी भाव ५२६ च्या वर किंवा ४७४ च्या खाली हवा असतो. तो कोणत्या दिशेने गेला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. योग्य शब्द कोणता?

हुरडा
मूळ लॅटिन धातूचा अर्थ उडणे असा आहे, म्हणूनच रसायनशास्त्रात या शब्दासाठी ‘बाष्पनशील’ आला. भावासाठी ‘चंचलता’ घ्यावा. लक्ष्मीला आपण चंचल म्हणतो, अस्थिर म्हणत नाही.

चाटीगल्ली
चंचलता मुलांच्या प्रगतिपुस्तकात शोभते. बाजार समितीत कांद्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो, तेव्हा तेथे ‘बाजार हलतोय’ एवढेच म्हणतात आणि सर्वांना कळते. ऑप्शनवाल्यांनी ‘व्होलॅटिलिटी’ पचविलेला आहे. २००८ पासून ‘इंडिया विक्स’चा आकडाही त्यांच्यासमोर आहे. पर्याय हवा कशाला?

शब्दवेडी
पर्याय हवा, कारण येथे दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. भाव प्रत्यक्षात हलला ती एक, आणि तो किती हलेल असे आजच्या प्रीमियममध्ये, म्हणजे ऑप्शनसाठी मोजलेल्या किमतीत, गृहीत धरलेले असते ती दुसरी. विक्स हा या दुसरीचाच आकडा आहे : निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या ऑप्शनच्या भावांतून काढलेली पुढील ३० दिवसांची अपेक्षा, वार्षिक टक्केवारीत. तिमाही निकालाआधी प्रीमियम फुगतो आणि निकाल लागताच ही अपेक्षा विरते. वरच्या उदाहरणात भाव ५०८ झाला, तरी कॉल १५ वर आणि पुट ६ वर येऊन २६ रुपयांचे २१ उरू शकतात. चढ झाला आणि चढउतारावर पैसे लावणारा तोट्यात गेला, असे मग लिहावे लागेल. दुसरीला काही जण ‘गर्भित’ म्हणतात, ते कानाला खटकते. ‘अध्याहृत अस्थिरता’ म्हणावे, कारण अध्याहृत म्हणजे उच्चारलेले नसूनही वाक्यात असलेले.

चाटीगल्ली
‘अध्याहृत’ ऐकून वर्गातील निम्मी मंडळी चहाला जातील.

जुना मुनीम
आपण नवे शब्द घडवीत बसलो आहोत आणि जुने कायद्यात पडून आहेत. रोखे करार नियमन कायदा, १९५६ यात ऑप्शनची व्याख्या करताना पुट आणि कॉल यांच्याबरोबर तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे शब्द जसेच्या तसे घेतले आहेत. खरेदीचा हक्क ती तेजी, विक्रीचा हक्क ती मंदी आणि दोन्ही एकत्र ती तेजी-मंदी. म्हणजे आजच्या स्ट्रॅडलला पेढीवरचा शब्द तयारच होता. त्याच कायद्याने हे व्यवहार निषिद्ध ठरविले. ते कलम १९९५ मध्ये गेले आणि २००१ मध्ये शेअर बाजारात ऑप्शन सुरू झाले, ते इंग्रजी नावांनी.

शब्दवेडी
माहिती मोलाची आहे, परंतु आज तेजी-मंदी वाचून कोणीही भरभराट आणि घसरण असेच समजेल. शब्दाला वाचक नसेल, तर कायद्याचा आधार काय कामाचा? शिवाय तेजी फारसीतून आलेला. हुरडा यांना तो कसा चालेल?

हुरडा
रुळला आहे, म्हणून चालेल. मात्र ऑप्शनला ‘विकल्प’ म्हणू नये. मराठीत मनात विकल्प येतो तो संशय असतो. येथे तर हक्क आहे आणि बंधन नाही. तसेच प्रीमियमला ‘अधिमूल्य’ कशाला, ‘इसार’ म्हणावे.

जुना मुनीम
साफ चूक. जमिनीचा इसार सौदा पूर्ण झाल्यावर किमतीतून वजा होतो. प्रीमियम कशातूनही वजा होत नाही. हक्क बजावला तरी तो विकणाऱ्याच्या खिशातच राहतो.

नवीपेठ
शीर्षक उद्या छापायला जायचे आहे.

चाटीगल्ली
मग शीर्षकातील ‘नफा’ आधी तपासा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते.

हुरडा
मुनीमजी, इसार नको तर ‘संचकार’ घ्या. संस्कृत ‘सत्यंकार’ यापासून आलेला अस्सल शब्द आहे.

जुना मुनीम
संचकार म्हणजेही इसारच. आणि आमच्याकडे इसार नव्हे, ‘विसार’ म्हणतात.