ऊर्जेवर सहा शनिवार: पाहुणे कोण बोलवावेत?

सीनाकाठ:
मी सोलापूरकडच्या एका विद्यापीठ विभागात एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवते. ऊर्जा विषयावरची व्याख्यानमाला यंदा माझ्याकडे आली आहे. सहा शनिवार, दोन-दोन तास, साठ-सत्तर मुलं. मानधन बेताचं आहे, प्रवासखर्च मिळतो.

गेल्या वर्षीची माला मी मागच्या बाकावर बसून ऐकली. वक्ते विद्वान होते. पण पाचांपैकी चौघांनी वितळणाऱ्या हिमनगाच्या चित्रापासून सुरुवात केली. तिसऱ्या व्याख्यानानंतर मोहोळकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, आमच्या पाण्याच्या मोटारीला रात्रीचीच लाईट का देतात?" पाहुणे म्हणाले, हा धोरणाचा प्रश्न आहे, आपण विज्ञानाबद्दल बोलतोय. ती खाली बसली. पुढच्या दोन व्याख्यानांना आलीच नाही. तिचे वडील रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसात पाणी द्यायला जातात, हे मला नंतर कळलं.

तो प्रश्न मी वर्षभर विसरलेले नाही. यंदाची माला तिथूनच सुरू करायची आहे. पण उत्तर कोण देईल? प्राध्यापक की वीजखात्यातला माणूस? फताटेवाडीचा औष्णिक प्रकल्प जवळच आहे, तेवढाच दाखवून भागेल का? आणि व्याख्यानं मराठीत ठेवली तर विभागात नाकं मुरडतील, त्याचं काय करू?

भारवाटप:
मॅडम, माझी नोकरी कळव्याच्या लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे विजेची मागणी आणि निर्मिती जुळवणाऱ्या केंद्रात गेली, आता निवृत्त आहे. त्या मुलीचा प्रश्न शंभर टक्के विज्ञानाचा आहे. पहिलं व्याख्यान त्यावरच ठेवा.

वीज साठवून ठेवता येत नाही, निदान मोठ्या प्रमाणावर स्वस्तात तरी नाही. ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती. दोन्ही जुळली की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. मागणी वाढली की काटा खाली येतो. आम्ही आयुष्यभर त्या काट्याकडे बघत बसलो. सकाळी आणि संध्याकाळी मागणी चढते, मध्यरात्रीनंतर उतरते. कोळशाचा संच मात्र रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाही, तो तापायलाच कित्येक तास लागतात. म्हणजे रात्री वीज हाताशी असायची आणि घ्यायला कुणी नसायचं. शेतीपंपांचे गट पाडून त्यांना रात्रीच्या पाळीत टाकलं, त्याचं मोठं कारण हे. आमच्या तक्त्यावर ती पाळी बरोबर दिसायची. त्या पाळीला उसात कोण उभं असतं, हे तक्त्यावर दिसत नव्हतं.

आता सौर वीज आली आणि गणित उलटलं. दुपारी वीज मुबलक असते, ओढ लागते ती सूर्य मावळल्यावर. म्हणून २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचा फीडरच, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी वाहिनीच, सौर प्रकल्पाला जोडून दिवसा वीज द्यायचं ठरलं. रात्रीच्या पाळीमागचं कारणच कमी होत चाललंय, हे त्या मुलीला कुणीतरी आकृती काढून दाखवायला हवं.

दुसरं व्याख्यान कोयनेवर ठेवा. क्षमता १९६० मेगावॉट, आणि सांगितल्यावर काही मिनिटांत भार उचलते. पण वीज करायला पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्याच्यावर नाही. १ जूनला नवं खातं उघडतं. ते पाणी कुठल्या संध्याकाळी खर्च करायचं, हा निर्णय घ्यायला लागला की विद्यार्थ्याला ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक आपोआप कळतो. पाणी पुन्हा वर चढवून ठेवायचं असेल तर घाटघर आहे, २५० मेगावॉटचं.

आणि एक गोष्ट तुमच्या दारातली. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला लागोपाठ दोन दिवस ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, कोसळलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत मिळून साठ कोटींवर लोक अंधारात गेले. पश्चिमेचं जाळं वाचलं. दक्षिणेचं तर तेव्हा आपल्याशी एका लयीत जोडलेलंच नव्हतं, मध्ये चंद्रपूरजवळच्या भद्रावतीसारखी डीसी (एकदिश प्रवाहाने जोडणारी) केंद्रं होती. ३१ डिसेंबर २०१३ ला ७६५ केव्हीची रायचूर–सोलापूर लाईन चालू झाली आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. सोलापूर! तुमच्या मुलांना त्या टॉवरखाली उभं करा. मी येतो बोलायला, मानधन नको.

बगॅसवाला:
मी माळशिरस भागात एका साखर कारखान्याच्या कोजनवर, म्हणजे तिथल्या वीजनिर्मितीवर, शिफ्ट इंजिनिअर आहे. आमच्याकडे यायचं तर डिसेंबर-जानेवारीत या. जुलैत आलात तर बॉयलर उघडून ठेवलेला दिसेल, दुसरं काही नाही. एक शनिवार हंगामासाठी राखून ठेवा.

उसाच्या वजनाचा साधारण २८ ते ३० टक्के बगॅस (पिळून उरलेला चोथा) निघतो, त्यात निम्मं पाणी. दिवसाला ५,००० टन गाळप धरलं तर चौदा-पंधराशे टन. तो जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या त्याच वाफेवर रस उकळायचा. फताटेवाडीला ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, कार्यक्षमतेत ते आमच्यापेक्षा पुढचे. पण तिथे टर्बाइननंतरची उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत जाते आणि त्यापायी उजनीचं पाणी लागतं. आमच्याकडे त्याच उष्णतेची साखर होते. उष्मागतिकीचा दुसरा नियम शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. दोन्ही ठिकाणं दाखवा, एकच दाखवून अर्धं कळेल.

दारं_धरणारा:
मॅडम, अभियंते बोलवा, पण दारं धरणाऱ्या, म्हणजे शेताला पाणी देणाऱ्या, एखाद्या माणसालाही बोलवा. आणि मानधन दोघांना सारखंच द्या.

आमच्या फीडरवर एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री बिबट्याची भीती, सापाची भीती, आणि झोप मोडून गेलं की नेमकी लाईट जाते. म्हणून सगळ्यांनी मोटारींना ऑटोस्विच लावलेत. लाईट आली की डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) वीस-पंचवीस मोटारी एका दमात उठतात आणि डीपी जळते. मग आठ-दहा दिवस पीक वाळतं. कॅपॅसिटर लावा म्हणून सांगतात, त्याने डीपीवरचा भार हलका होतो. पण कॅपॅसिटर करतो काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगितलेलं नाही. तुमच्या पोरांना ते येत असेल तर त्यांनी आमच्या गावात येऊन सांगावं, मराठीत.

माझ्या चुलतभावाने सौर पंप घेतलाय. दिवसा भिजवतो, रात्री झोपतो. आभाळ आलं की पाणी कमी पडतं, हे खरं. तरी तो परत रात्रीच्या लाईटीवर यायला तयार नाही.

सीनाकाठ:
तुम्हा तिघांचं लिखाण मी विभागप्रमुखांना वाचून दाखवलं. भाषेचा प्रश्न तिथेच मिटला, माला मराठीत होईल.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी पहिलं व्याख्यान, रात्रीच्या लाईटीवर. कोयना दुसरी. त्यानंतर फताटेवाडी. चौथा शनिवार आम्ही वर्गात भरवणार नाही, मोहोळ तालुक्यात एका डीपीपाशी भरवू. एक मोटार, एक कॅपॅसिटर, प्रवाह मोजायला एक क्लॅम्प मीटर. कॅपॅसिटर जोडला की प्रवाह किती उतरतो हे मुलं मोजून दाखवतील आणि गावाला समजावतील. 'दारं धरणारे' दादा, तिथे पाहुणे म्हणून तुम्ही बोलाल का? मानधन सगळ्यांना सारखं. पाचवा शनिवार जानेवारीत, कारखान्यावर. सहावा मी मोकळा ठेवलाय. तो विषय मुलांनी ठरवायचा.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. काल तिला विचारलं, पहिल्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारशील का? ती म्हणाली, बाबांना घेऊन आले तर चालेल का?

भारवाटप सर, तुम्हाला कळव्याहून ठाणं जवळ पडेल. शुक्रवारी रात्री तिथून सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा, सकाळी सोलापूर स्टेशनवर मी घ्यायला येते. मानधन नको म्हणालात, पण तिकीट तरी आम्हाला काढू द्या.